उजव्या हाताला नदी

मकरपुऱ्यात नर्मदा नाही. इथे जीआयडीसी आहे, हवाई दलाची लांबलचक भिंत आहे, ओएनजीसीची कार्यालये आहेत, एसटीचा डेपो आहे आणि मुंबई-बडोदे लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन आहे. मोठ्या गाड्या त्याच्याकडे न बघता निघून जातात. तरीही गुढीपाडवा जवळ आला की इथल्या मराठी घरांत नर्मदेशिवाय दुसरा विषय नसतो. शिफ्ट कोणाशी बदलून घ्यायची, कोणाची ईको गाडी मिळेल, रात्री किती वाजता निघालो म्हणजे ऊन चढायच्या आत तिलकवाडा गाठता येईल, गुडघ्यांवर काय चोळायचे. जळगाव-धुळ्याकडचे पाहुणे आदल्या संध्याकाळी येऊन टेकतात. पहाटे दोनला कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या की समजावे, या घरातली मंडळी आज उत्तरवाहिनीला निघाली.

बडोद्यातली मराठी वस्ती दोन खेपांनी आली. पहिली गायकवाडांच्या मागून आली आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यात वाड्या-वाड्यांनी राहिली. दुसरी आली ती कारखान्यांच्या मागून. मकरपुरा, मांजलपूर, तरसाली या भागांत तिने भाड्याच्या खोल्या घेतल्या, मग रो-हाऊस घेतली. पहिल्या खेपेच्या लोकांकडे सयाजीराव महाराजांच्या गोष्टी असतात. दुसऱ्या खेपेच्या लोकांकडे टेंबे स्वामींचा फोटो, करुणात्रिपदीची पुस्तिका आणि गुजरातीत पाठ केलेली दत्तबावनी असते. श्रद्धेचा प्रवास पाहायचा तर मला दुसऱ्या खेपेची घरे जास्त बोलकी वाटतात.

नर्मदा अमरकंटकला उगम पावून १,३१२ किलोमीटर वाहत खंभातच्या आखाताला मिळते. एवढी नदी पश्चिमेकडे धावते, पण तिलकवाडा ते रामपुरा या पट्ट्यात ती उत्तरेकडे वळते. उत्तरवाहिनी नदी पुण्यप्रद मानतात आणि चैत्र महिन्यात या तुकड्याची परिक्रमा केली तर पूर्ण परिक्रमेचे पुण्य लाभते अशी समजूत आहे. पूर्ण परिक्रमा म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर पायपीट. परंपरेने तिला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस दिले आहेत. उत्तरवाहिनी साधारण एकवीस किलोमीटरची. रामपुऱ्याच्या घाटावर संकल्प सोडायचा, मांगरोळ, गुवार करत शहेरावला यायचे, तिथे नदी ओलांडून तिलकवाड्याला जायचे, मग वासण, रेंगण आणि पुन्हा नदी ओलांडून रामपुरा. तरुण पाय सकाळी निघून दुपारी घरी जेवायला परततात.

हा हिशेब कोणालाही मोहात पाडील असाच आहे आणि त्याला नाके मुरडणे सोपे आहे. मी मुरडणार नाही. जीआयडीसीतल्या फिटरला तीन वर्षे कोण रजा देईल? ज्या बाईने चाळीस वर्षे घराबाहेर मुक्काम केला नाही, तिला एक रात्र आणि एक सकाळ नदीकाठी मोकळेपणी चालायला मिळते, हेही काही कमी नाही. चैत्रातल्या त्या वाटेवर मी साठीच्या बायका पाहिल्या आहेत, चपला पिशवीत टाकून केळीच्या बागांमधून ताठ मानेने चालणाऱ्या. मागून मुलगा हाक मारतोय, “आई, जरा हळू,” आणि आई काही ऐकत नाही. गावकरी ओट्यावर ताकाचे पिंप घेऊन बसलेले असतात. कोणी लिंबू सरबत देतो, कोणी नुसते “नर्मदे हर” म्हणून पाण्याचा पेला पुढे करतो. पैसे विचारले तर रागावतो. या आतिथ्याला भारतात फार ठिकाणी तोड सापडायची नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. उत्तरवाहिनीत अंतर कमी झाले ते ठीक, पण अंतराबरोबर नियमही गळून पडले.

परिक्रमेचे नियम एकदा शांतपणे वाचून पाहावेत. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. ती ओलांडायची नाही. समुद्राशी, जिथे नदी संपते तिथेच नावेने पलीकडे जायचे. द्रव्य जवळ बाळगायचे नाही, अन्नाचा साठा करायचा नाही. मिळेल तिथे सदावर्त घ्यायचे, नाही तर मधुकरी मागायची. पात्रात साबण लावायचा नाही, मळ सोडायचा नाही. चातुर्मासात चालणे थांबवायचे, कारण पावसात वाटा मोडतात आणि पायाखाली जीवजंतू येतात. हे सारे पुण्याच्या भाषेत सांगितलेले आहे. पर्यावरण हा शब्दही तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण या नियमांनी चालणारा माणूस नदीवर किती भार टाकतो? जवळपास काहीच नाही. हजारो माणसे शतकानुशतके एका काठावरून चालत राहिली आणि काठ टिकला, त्याचे श्रेय माझ्या मते माणसांच्या भक्तीपेक्षा या नियमांना अधिक आहे. भक्ती मनात असते. नियम पिशवीत काय आहे ते तपासतो.

उत्तरवाहिनीच्या वाटेवर पिशवीत काय असते ते चैत्र संपल्यावर काठाने चालून बघावे. पाण्याच्या बाटल्या, पातळ प्लास्टिकचे पेले, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या. दिवा सोडायला पूर्वी पानाचा द्रोण असे, तो दोन दिवसांत कुजून जाई. आता चकचकीत कागदी वाटी मिळते, तिला आतून प्लास्टिकचा थर असतो. नर्मदेला साडी वाहण्याची, एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत चुनरी नेण्याची प्रथा फोफावली आहे. त्या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. सुती लुगडे नदीत विरत असे, हे विरत नाही; ते नावेच्या पंख्यात नाही तर बाभळीच्या मुळांत अडकते. सरकारने वाटेवर दिवे, मंडप, फिरती शौचालये, वैद्यकीय केंद्रे उभी केली आहेत आणि लाखांनी माणसे येतात तेव्हा ती हवीतच. पण सरकार सोय करू शकते, संकल्प सोडू शकत नाही. रामपुऱ्याच्या घाटावर गुरुजी गोत्र विचारतात, नाव विचारतात. त्याच ओंजळभर पाण्यावर “नेलेले सर्व परत आणीन” एवढे एक वाक्य म्हणवून घेतले तर शास्त्राला बाध येईल असे मला वाटत नाही.

या काठावर मराठी माणसाला आणणारे जे कोणी होते त्यांच्याजवळ सामान अगदीच थोडे होते. सावंतवाडी संस्थानातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, १८५४ साली जन्मले. संन्यासानंतर त्यांनी देशभर केलेला संचार पायी होता, तोही अनवाणी. वाहन त्यांनी वर्ज्य केले. दंड, कमंडलू आणि पोथ्या. १९१४ साली त्यांनी गरुडेश्वरला देह ठेवला. आज तिथून काही किलोमीटरवर १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा आहे, आणि एकाच सहलीत दोन्ही पाहून होतात. समाधीपाशी मराठी ऐकू येते, पुतळ्यापाशी सगळ्याच भाषा. गर्दीच्या आकड्यात पुतळा कधीच पुढे गेला.

दुसरे नाव नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांचे. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आडनाव वळामे, नाव पांडुरंग. जन्म १८९८चा, गोध्ऱ्यात. शिकले, शिक्षकी केली, स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले आणि १९२५च्या सुमारास नारेश्वरच्या रानात एका कडुनिंबाखाली येऊन बसले. मराठी आईच्या या मुलाने दत्तबावनी मात्र गुजरातीत रचली, आणि आता मराठी घरांतही ती गुजरातीतच म्हणतात. त्या काळचे नारेश्वर म्हणजे काठावरचे दाट जंगल, सापांचे आणि मोरांचे. भक्तांच्या आठवणींत तिथे साप आणि मोर एकत्र नांदत असल्याच्या गोष्टी येतात. गोष्टीतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक उरतेच: त्या माणसाने राहण्यासाठी रान साफ केले नाही. नंतर आश्रम वाढला, धर्मशाळा आल्या, वाहनतळ झाले. कडुनिंब आहे.

नारेश्वरला जायचे तर मकरपुऱ्याहून दक्षिणेला, करजणच्या दिशेने निघावे लागते. या रस्त्याची एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दक्षिणेकडे तोंड करून चाललात की पश्चिमेला, म्हणजे उजव्या हाताला, एक नदी तुमच्या सोबतीने वाहत असते. परिक्रमेत हवी तशीच. ती दिसत नाही, कारण मध्ये शेड आहेत, सोसायट्या आहेत, कचऱ्याचे ढीग आहेत. ती विश्वामित्री. पावागडावर उगम, बडोदे शहराच्या पोटातून प्रवास, पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीशी भेट आणि मग तेच खंभातचे आखात, जिथे नर्मदाही जाते.

या नदीची आणि बडोद्याची गोष्ट कळायला मकरपुऱ्याचा राजवाडा आठवावा लागतो. खंडेराव महाराजांनी तो उन्हाळ्यात राहायला आणि शिकारीसाठी बांधला. १८५६ ते १८७० ही त्यांची कारकीर्द. त्यांच्या दरबारात राहून गेलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने इथल्या शिकारीची आणि थाटाची वर्णने लिहून ठेवली आहेत. पाळीव चित्ते काळवीटांवर सोडायचे तो काळ. बडोद्याभोवतीच्या माळांवर काळवीट कळपांनी होते. आता त्या माळांवर व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मर तयार होतात, आणि आशियाई चित्ता तर देशातूनच नाहीसा झाला. सयाजीराव महाराजांनी चिझोम या वास्तुविशारदाकडून राजवाडा वाढवून घेतला आणि इंग्लंडच्या क्यू उद्यानातून आलेल्या विल्यम गोल्डरिंगकडून बाग आखून घेतली. कारंजी, हिरवळी, सावलीचे रस्ते. राजवाडा आता हवाई दलाकडे आहे, त्यामुळे तुम्हाआम्हाला तो भिंतीबाहेरूनच पाहावा लागतो. भिंतीमुळे आतली झाडे वाचली, हे मात्र कबूल करायला हवे.

सयाजीरावांना झाडांचे वेड होते. क्यूमध्येच तयार झालेला क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली बडोद्यात आला, तो पुढे बंगळूरच्या लालबागेमुळे गाजला. विश्वामित्रीच्या काठावर १८७९ साली उभी राहिलेली कमाटी बाग, म्हणजे आजची सयाजीबाग, शहरातल्या प्रत्येक मराठी मुलाने आजोबांचे बोट धरून पाहिलेली असते. आजव्याचा तलाव झाला आणि शहराला नळाचे पाणी मिळाले. मोठा राजा होता, त्याच्यावर टीका करायला जीभ धजत नाही. पण पाणी तलावातून नळाने येऊ लागले त्या दिवसापासून नदीवर जायचे लोकांना कारण उरले नाही, आणि ज्या नदीवर कोणी जात नाही तिच्यात काय सोडले जाते इकडे कोणी बघत नाही. पुढे माही आली, मग कालव्यातून नर्मदा. घरात तीन नद्यांचे पाणी आणि मागच्या बाजूला चौथी, सांडपाण्याची.

त्या चौथीत मगरी आहेत. चारशेहून अधिक: २०२५च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत विश्वामित्रीत ४४२ मोजल्या गेल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध, गटाराचे पाणी पिऊन, पुलांखाली ऊन खात पडलेल्या. जगात असे शहर शोधून सापडणार नाही. आणि नर्मदेचे वाहन कोणते? मगर. ज्या घरातून माणसे पहाटे दोनला उठून देवीच्या भेटीला जातात, त्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर देवीचे वाहन चिखलात उभे आहे आणि त्याच्यावर लोक पुलावरून वेफर्सची पाकिटे टाकतात. हे दृश्य पाहिल्यावर मला आपल्या भक्तीचा स्वभाव कळला. आपल्याला देव लांबचा लागतो. त्याच्याकडे जायला गाडी करावी लागली पाहिजे, पायाला फोड आले पाहिजेत, तिथला फोटो ग्रुपवर टाकता आला पाहिजे. घराच्या मागचा देव आपल्याला अडचणीचा होतो.

२०२४च्या ऑगस्टअखेर ही मागची नदी पुढच्या दाराने आली. धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३५च्या वर गेले. दोन-तीन दिवस निम्मे शहर पाण्यात होते आणि वन खात्याची माणसे, स्वयंसेवक दोर घेऊन वस्त्यांमधून मगरी पकडत फिरत होते. सगळ्या वाहिन्यांवर मगरीच मगरी. बातम्या अशा होत्या की जणू मगरी शहरात शिरल्या. खरे तर शहर आधी त्यांच्या घरात शिरले होते. पुराचे पाणी पसरायला ज्या खोलगट जागा, नाळी आणि तळी होती, त्यांच्यावर भराव पडून इमारती झाल्या. यावर नागरिकांनी आधीच आवाज उठवला होता. नदीकाठ सुशोभित करण्याच्या प्रकल्पाविरुद्ध काही जण २०१६ साली हरित लवादाकडे गेले आणि २०२१ मध्ये लवादाने नदी व तिचे पूरमैदान जपणारा आराखडा राबवायला सांगितले. पूर ओसरल्यावर २०२५च्या उन्हाळ्यात पात्र रुंद आणि खोल करण्याची कामे धडाक्यात झाली. पावसाच्या आधी काम उरकणे भाग होते हे खरे. पण मगर फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्ले जूनच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणजे यंत्रे काठावर उतरण्याचा आणि मगरीच्या बाळंतपणाचा हंगाम एकच. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याच्या सूतिकागृहात पोकलेन लावायचे तर किती जपून लावायचे, हा प्रश्न इथल्या मंडळांनी, मठांनी, भजनी गटांनी विचारायला हवा होता. तो विचारला मूठभर प्राणिप्रेमींनी.

मोठ्या नर्मदेचेही बरे चालले आहे असे नाही. शूलपाणेश्वराचे मूळ देऊळ सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेले, देव नव्या देवळात गोऱ्याला आला. ज्या शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांना लुटले जाई आणि लुटून झाल्यावर वाट दाखवली जाई, ती झाडी बरीचशी बुडाली. आपल्या अक्कलकुवा-अक्राणीतली तेहतीस गावे त्याच पाण्यात गेली. मणिबेली त्यात पहिल्या काहींपैकी. धरणाखाली पात्राची पातळी आता पावसावर कमी आणि दरवाजांवर जास्त हलते. २०२३च्या सप्टेंबरमध्ये एकाएकी सुटलेल्या पाण्याने चांदोद, करनाळी, भरूचची घरे धुऊन नेली. उन्हाळ्यात उलट मुखाशी गोडे पाणी कमी पडते, समुद्र आत सरकतो आणि भरूचच्या मच्छीमारांची पाला मासळी, ज्याला बंगाली लोक हिलसा म्हणून जीव टाकतात, ती जाळ्यात येईनाशी झाली. परिक्रमावासी मुखाशी नावेत बसतो तेव्हा त्याला नदी संपताना दिसते. या मच्छीमारांना ती संपलेलीच दिसते.

चांदोदला पूर्वी बडोद्याहून छोट्या गाडीने जात. मियागाम ते डभोई हा अरुंद रुळांचा मार्ग खंडेरावांनी १८६२ साली टाकला तेव्हा डबे बैल ओढत असत. पुढे तो चांदोदपर्यंत गेला. अरविंद घोष बडोदे कॉलेजात शिकवत होते तेव्हा तेही चांदोदच्या गंगनाथ मठात जात, आणि करनाळीच्या एका कालीमंदिरात मूर्तीसमोर त्यांना प्रथम देवतेचे अस्तित्व जाणवले, असे त्यांनी पुढे सांगितले. २०२१पासून चांदोदवरून एकता नगरची रुंद मार्गावरची गाडी धावते. रुळांची रुंदी वाढली तशी माणसेही वाढली. तक्रार नाही, नोंद आहे.

मराठी वाचकाला या नदीची ओढ लावली ती पुस्तकांनी. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि अलीकडे जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’. कुंट्यांचे पुस्तक वाचून नोकरी सोडून निघालेली माणसे मला ठाऊक आहेत. पण मला या संदर्भात दोन वेगळी नावे महत्त्वाची वाटतात. एक जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले हे गृहस्थ १९७७ साली, पन्नाशीच्या उंबऱ्यावर, परिक्रमेला निघाले. तीही सलग नव्हे, सुट्टी मिळेल तशी तुकड्यातुकड्याने. पुण्यासाठी नव्हे, नदीच्या सौंदर्यासाठी चालतो असे ते सांगत. गुजरातीतल्या ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुकड्यातुकड्याने चालूनही नियम कसा पाळता येतो, हे वेगडांकडून शिकावे. दुसऱ्या नाशिकच्या भारती ठाकूर. परिक्रमा केली, काठावरची शाळेविना फिरणारी मुले पाहिली आणि परत येऊन पुस्तक लिहिण्यावर न थांबता मध्य प्रदेशात लेपा या पुनर्वसित गावी जाऊन शाळा उभी केली. परिक्रमेने त्यांना घरी परत पाठवले नाही, ही मला परिक्रमेची मोठी सिद्धी वाटते.

मकरपुऱ्याच्या माणसाने नोकरी सोडून लेप्याला जावे असे मी म्हणणार नाही. त्याला आणखी जवळचे उदाहरण आहे, आणि ते मराठी नाही, गुजराती आहे. गुजरातेत खोडियार मातेचे वाहनही मगरच. बडोद्याच्या उत्तरेला, माही ओलांडली की चरोतर लागते. तिथे सोजित्रा तालुक्यात मालातज नावाचे गाव आहे. गावतळ्यात मगरी आहेत, काठावर खोडियारचे देऊळ आहे. त्याच तळ्यावर बायका धुणे धुतात, म्हशी डुंबतात, आणि मगर ऊन खाऊन झाले की उठून आपल्या बाजूला जाते. आसपासच्या अनेक गावांत असेच. मगरीने कधी काही केलेच नाही असे नव्हे. पण गावकरी तळे बुजवा म्हणून अर्ज करत नाहीत, तिची बसायची जागा ठरलेली आहे, ती सोडून ते दुसरीकडे पाण्यात उतरतात. वल्लभविद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था दर जानेवारीत या चरोतरातल्या मगरी मोजते. स्वयंसेवक देशभरातून येतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात, दिवसा तळ्यांवर दुर्बिणी लावून बसतात आणि रात्री विजेरीच्या उजेडात चमकणारे डोळे मोजतात. अनवाणी चालावे लागत नाही, पण थंडी चांगलीच असते. मकरपुऱ्याहून मालातजला जायला तिलकवाड्याला लागतो साधारण तेवढाच वेळ लागतो.